आठ पानं, जेवणारे सहा

डबा उपडा करून दोनदा टेबलावर ठोकायचा आणि विचारायचं, "भांडं परत आलं काय?" ही त्यांची सकाळची सुरुवात. डबा अ‍ॅल्युमिनियमचा, एका बाजूला चेपलेला. आदल्या दिवशी वर्गातल्या कुणाला तरी त्यातून काही ना काही दिलेलं असायचं, आणि तो रिकामा परत आलेला त्यांना खपत नसे. एकदा मी घाईत नुसता धुऊन दिला. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. "तुमच्या लॉंग माउंटनात मीठ पण मिळत न्हाय काय?" दुसऱ्या वेळी मी परसातल्या चार मिरच्या घालून आणल्या. एक त्यांनी तिथेच भाकरीबरोबर खाल्ली, डोळे पुसले आणि उरलेल्या तीन रुमालात बांधून ठेवल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

आम्ही त्यांना तोंतों म्हणायचो. आमच्या बेटाच्या क्रिओल बोलीत तोंतों म्हणजे काका. कार्तिए मिलितेर गावचे, माझ्यासारखेच मराठी घरातले. अर्धं आयुष्य टेलिफोनच्या फळीवर हाताने वायरी खुपसून माणसं जोडण्यात गेलेलं. ऐंशीचं दशक सरत आलं आणि आमच्या कचेरीच्या मनात आलं की आता कॉम्प्युटरही एकमेकांशी बोलले पाहिजेत. साहेबांनी परदेशातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. ते वाचायला कुणी तयार होईना, तेव्हा ते तोंतोंच्या गळ्यात पडलं. त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि तीनदा वाचून काढलं. तीनदा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "पहिल्यांदा इंग्लिश वाचलं. दुसऱ्यांदा काय म्हणतोय ते वाचलं. तिसऱ्यांदा कुठं चुकलाय ते."

त्यांच्या हाताखाली आम्ही शिकाऊ चौघं, त्यात मुलगी मी एकटी. सहा महिन्यांनी मोठ्या कचेरीतून परीक्षक येणार, प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेणार आणि जो पास होईल तो कायम. नापास झाले तर काय, हे माझ्या घरी ठरलेलंच होतं. बाबांनी कपड्यांच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. माझ्या दोघी बहिणी तिथे शर्टांच्या कॉलरी शिवत होत्या. कारखान्यात वाईट काही नव्हतं, चार पैसे घरात येत होते. पण मला कॉलरी शिवायच्या नव्हत्या, आणि हे मी तोंतोंशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

शिकायला मागची खोली होती. तिथे आठ जुने कॉम्प्युटर, नुसते सरावासाठी जोडलेले. त्यांची दोन गावं केलेली. एका टेबलावर दोन यंत्रं, ते लॉंग माउंटन, माझं गाव. दुसऱ्यावर पाच, ते पितों. मध्ये आठवं यंत्र, राउटर. त्याचा एक पाय एका गावात, दुसरा दुसऱ्या गावात. एका गावचा निरोप दुसऱ्या गावी जायचा तर त्याच्याच दारातून. प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, आणि ते नंबर गावागावांत वाटून द्यायचे. या वाटणीलाच सबनेटिंग म्हणतात. पुस्तकात त्याला दोन प्रकरणं खर्ची घातली होती आणि आमच्या चौघांच्याही डोक्यावरून ती गेली.

तोंतोंनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ते काखेत केळीची पानं घेऊन आले आणि फरशीवर ओळीने आठ मांडली. गावच्या गणपतीच्या जेवणावळीत वाढप्यांचे म्होरके तेच, त्यामुळे मांडणी कशी सुतात.

"पहिलं पान देवाचं," ते म्हणाले. "त्यावर कुणी बसायचं न्हाय. त्याच्यावरनं पंगतीचं नाव. शेवटचं पान हाकेचं. तिथं उभं राहून 'भात पायजे काय' म्हटलं की सगळ्या पंगतीला ऐकू जातंय. तिथं पण कुणी बसायचं न्हाय. आता सांगा, आठ पानं, जेवणारे किती?"

"सहा," आम्ही म्हणालो.

"कोरेक. झालं सबनेटिंग. उचला पानं, फरशी ओली झाली."

इतकी वर्षं मी हा विषय शिकवते आहे. याहून सोपा धडा मला अजून सापडलेला नाही.

राउटिंग मात्र त्यांनी डब्यावरच शिकवलं. आमचा निरोप पलीकडे पोचला की आमची पोरं टाळ्या पिटायची. तोंतों डबा ठोकायचे. "गेलं ते गेलं. भांडं परत आलं काय?" पलीकडच्या गावाला आपली वाट ठाऊक नसेल तर निरोप पोचूनही उत्तर येत नाही, हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं की मला स्वप्नातही डबे दिसायचे.

त्या वर्षी गणपतीला त्यांनी आम्हा चौघांना गावी जेवायला बोलावलं. पंगत बसली, पानं भरली आणि एक म्हातारे गृहस्थ उशिरा काठी टेकत आले. जागा नव्हती. आम्ही चुळबुळलो. तोंतोंनी क्षणभरही विचार न करता त्यांना देवाच्या पानावर बसवलं आणि भात वाढला. "आता देव?" मी विचारलं. "देव सरकून बसतो, बेटी," ते म्हणाले. मला ते इतकं आवडलं की मी ते मनात जपून ठेवलं. नको तितकं जपून ठेवलं, हे पुढे कळलं.

माझ्या परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी सगळं तपासलं, मान डोलावली. मग त्यांनी सोबत आणलेलं यंत्र टेबलावर ठेवलं. "हे पितोंमध्ये घाला." एवढंच. पितोंची पंगत आठ पानांची. पाच यंत्रं आणि राउटरचा पाय, सहा जण बसलेले. पाहुणा दारात उभा आणि त्याला जागा नाही म्हणायचं? आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मी त्याला देवाच्या पानावर बसवलं. पंगतीचा पहिला नंबर पाहुण्याला देऊन मोकळी झाले.

पुढच्या मिनिटाला पितोंत गोंधळ. पाहुण्याला मारलेली हाक सगळ्यांनाच जायची, उत्तर कुणाचंच धड यायचं नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मागे वळून पाहिलं. तोंतों भिंतीशी उभे होते. बोलायची त्यांना मनाई. त्यांनी पडद्यावरचा नंबर पाहिला, माझ्याकडे पाहिलं, टेबलावरचा डबा उचलला आणि सरळ खोलीबाहेर निघून गेले.

त्यांनी माझ्यावर पाणी सोडलं असंच मला वाटलं. दोन मिनिटं मी नुसती मनातल्या मनात कॉलरी मोजत बसले. मग राग आला, आणि रागाने डोकं चालायला लागलं. देव सरकून बसत असेल. यंत्र सरकत नाही. पंगत लहान पडली असेल तर ती मोठीच मांडायला हवी. पण त्यासाठी बसलेल्यांना उठवावं लागतं, आणि भरल्या पानावरून माणसाला उठवण्यासारखं पाप नाही असं ऐकत मी वाढले होते.

"मिस्ये," मी परीक्षकांना म्हणाले, "सगळ्यांना उठवावं लागेल."

"घड्याळ चालू आहे," ते म्हणाले.

मी उठवलं. आठ पानांचं माप मोडून दोन्ही गावांना सोळाचं केलं. लॉंग माउंटन होतं तिथेच राहिलं, फक्त लांबलं. पितों त्याच्या पुढे हलवलं, एकेका यंत्राला नवा नंबर दिला आणि पाहुण्याला मधोमध ऐसपैस बसवलं. लॉंग माउंटनला निरोप धाडला. उत्तर नाही. पुन्हा धाडला. नाही. खोलीत डबा नव्हता, तरी मला तो ठोकलेला ऐकू आला. पितोंवाले घर बदलून गेले आणि शेजाऱ्यांना नवा पत्ता कुणी सांगितलाच नव्हता. लॉंग माउंटनच्या दोन्ही यंत्रांना मी पितोंची नवी वाट सांगितली. तिसऱ्या खेपेला उत्तर आलं.

परीक्षकांनी वही मिटली. "चूक सगळेच करतात. सगळ्यांना उठवायला मात्र कुणी धजत नाही," ते म्हणाले आणि हसले.

बाहेर नळाशी तोंतों लखलखीत डबा पुन्हा घासत बसले होते.

"भांडं परत आलं काय?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"आलं."

त्यांनी डबा नळाखाली धरला. "चूक तुझी न्हाय, माझी. पानं मांडायला शिकवली, पाहुणा आला तर काय ते शिकवलं न्हाय."

"मग सोडून का गेलात?" माझा आवाज चढला होता.

"आत राहिलो असतो तर माझ्या तोंडाकडं बघत बसली असतीस," ते म्हणाले. "आणि मी सांगून टाकलं असतं."

कायमची ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी डबाभर गातो पातात आणले, रताळ्याच्या पारीत गोड खोबरं भरून तळलेले. डबा माझ्या हातात दिला. आठवड्याने माझी दक्षिणेच्या केंद्रावर बदली झाली आणि डबा माझ्याकडेच राहिला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ते निवृत्त झाले. मग एके दिवशी कचेरीत कुणीतरी ते गेल्याचं सांगितलं, महिन्यापूर्वी. मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

त्या रविवारी मी पुरणपोळ्या केल्या, डबा भरला आणि दोन बस बदलून कार्तिए मिलितेरला गेले. दार काकींनी उघडलं. त्यांनी आधी डबा पाहिला, मग मला.

"पंगत उठवलीस ती तूच काय?"

मी मान हलवली.

"जेवायला बसले की सांगायचे. आम्ही कंटाळलो ऐकून." त्यांनी पोळ्या ताटात काढल्या, डबा धुतला आणि मागच्या दाराने परसात गेल्या. परत आल्या तेव्हा डब्याला झाकण होतं.

"काकी, राहू दे. डबा तुमचाच आहे."

"असू दे. त्यांनी सांगून ठेवलंय, लॉंग माउंटनची पोर आली तर रिकामी पाठवू नको."

बसमध्ये बसल्यावर मी झाकण उघडलं. आत चार मिरच्या होत्या, आमच्याच परसातल्या जातीच्या, ताज्या तोडलेल्या.