धनसिंगला न भ्यालेले रोही

धनसिंगच्या पायाला भिंगरी होती. शिरपूरजवळच्या तांड्यावरचा हा माणूस पिकांची राखण करायचा. बाकीचे राखणदार माळ्यावर बसून पेंगत, हा बांधाबांधानं फिरत राही. रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरले की त्याची गोफण फिरायची आणि धोंडा बरोबर त्यांच्या खुरांपुढं पडायचा, अंगावर कधीच नाही. "मुकं जनावर हाये, त्याले मारून काय कराचं? भेलं म्हंजे झालं," असं तो म्हणे. त्याची आरोळी ऐकून रोही शिवार सोडून पळत, आणि या गोष्टीचा त्याला भारी गर्व होता. मी तेव्हा गावात मास्तर होतो, माझ्या शेतावरही राखणीला तोच असे.

पीक निघालं की राखण संपे. मग धनसिंग आणि त्याची बायको रुपाबाई लेकरं घेऊन कामाच्या शोधात दूरच्या मुलखात चालू लागत. एका वर्षी वाटेतच त्यांचं धाकटं लेकरू तापानं गेलं. तेव्हापासून रुपाबाईचं एकच म्हणणं: आता निघायचं तर कायमचं, डोक्यावर छप्पर असेल तिथंच.

छप्पन्न साली तसा योग आला. एका जहागीरदारानं शहराबाहेरचं आपलं शिकारीचं रान तारेच्या कुंपणानं बंद करून लोकांना पाहायला खुलं केलं होतं. जनावरं मोकळी आणि माणसं जाळीच्या ट्रकमध्ये, असा उलटा कारभार. तिथला कारभारी इंद्रभान माझ्या ओळखीचा. जनावरांवर नजर ठेवायला त्याला बारमाही माणूस हवा होता, आणि वर राहायला खोली मिळणार होती. मी धनसिंगला घेऊन गेलो.

मोटारीत तो चारदा उठून उभा राहिला. ट्रकमध्ये बसल्यावर जाळीला हात लावून म्हणाला, "मास्तर, इथं तं आपल्यालेच कोंडलं."

चितळं पाहिली, मोर पाहिले. बाकीचे लोक बोटं दाखवून हसत होते. धनसिंगचं लक्ष कुंपणाकडं, त्यात कुठं भोक आहे का तिकडं. मला वैताग आला. नोकरी मागायला आलेल्या माणसानं जरा स्वस्थ बसावं की नाही?

वळणावर ज्वारीचं हिरवंगार वावर दिसलं. त्यात पाच रोही आरामात चरत होते.

मी त्याचा हात धरेपर्यंत तो मागची फळी पाडून खाली उतरलासुद्धा. कमरेची गोफण सुटली, गरगरली, धोंडा रोह्यांच्या पुढ्यात आदळला. पाठोपाठ ती आरोळी. ट्रकमध्ये बायका किंचाळल्या. "अरे, ते त्यांच्याचसाठी पेरलंय," इंद्रभान ओरडला. झालं, नोकरी गेली, असं मी मनात म्हटलं.

पण रोही पळाले नाहीत. त्यांनी माना वर केल्या आणि सरळ धनसिंगकडं चालत आले. तिथं माणसानं हाक मारली की सरकी मिळते, एवढंच त्यांना ठाऊक. थोरल्या नरानं त्याच्या तळहाताला नाक लावलं. धनसिंग एक पाऊल मागं सरला.

इंद्रभान पोट धरून हसला. "असाच माणूस पाहिजे. पहिल्याच हाकेला आले. सोमवारपासून ये."

परतीच्या मोटारीत तो एकदाही उठला नाही. मालेगाव गेलं तेव्हा एवढंच बोलला, "मास्तर, ते भेले नाई." मी समजूत घातली, बारमाही कामाचे फायदे सांगितले, आणि माझे मलाच ते शब्द पोकळ वाटले. वीस वर्षांच्या राखणीत तो जे एक शिकला होता, ते तिथं कुणाला नको होतं. त्याला तिथं नेल्याचा मला पस्तावा झाला.

रुपाबाई तांड्याच्या वाटेवरच उभी होती. "खोली पाह्यली?"

आम्ही खोलीकडं फिरकलोही नव्हतो. मी काही बोलणार, तोच धनसिंग म्हणाला, "पाह्यली. पक्की हाये. सामान बांध."