एक प्लेट बठ्ठं

आज दुपारी जेवताना जावईबापूंनी विचारलं, "बाबा, तुम्ही मूळचे साताऱ्याचे, मग धुळ्यातच कसे राहिलात?" उत्तर इथे लिहितो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नोकरीसाठी धुळ्यात येऊन दोन महिने झाले होते आणि अजिबात करमत नव्हतं. बदलीचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. ऑफिस सुटताना शेजारच्या टेबलावरचा रमेश म्हणाला, "चला सातारकर, आज जेवू आणि पिक्चर टाकू."

हॉटेलात मी विचारलं, "काय काय आहे?"

मालक नाना म्हणाले, "बठ्ठं शे."

मला वाटलं, इथली एखादी भाजी असेल. म्हटलं, "मग एक प्लेट बठ्ठं द्या. तिखट जरा कमी."

सगळं हॉटेल हसलं. रमेशला तर ठसकाच लागला. अहो, बठ्ठं म्हणजे सगळं! नाना मात्र गंभीर चेहऱ्याने आत गेले आणि खरोखरच शेवभाजी, भरीत, ठेचा, कळण्याची भाकरी असं भरलेलं ताट घेऊन आले. "ल्या भाऊ, तुमनं बठ्ठं."

त्या नादात पिक्चरची सुरुवात हुकली. मध्यंतरात रमेशने गरम भजी आणली आणि ठेवायला कागद मागितला. मी खिशातला दिला.

भजी संपली तेव्हा तेलाने अर्जावरचं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. दुसरा मी लिहिलाच नाही.

तुम्हाला कुठल्या गावाने असं ठेवून घेतलं?