साडूच्या जहाजाची भिंत

शिरूरला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जिने, गेटं, असली कामं. निमोण्याच्या सासुरवाडीत थोरला जावई म्हणून वर्षानुवर्षं पहिला पाट माझा होता. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि दौंडचा साडू आला. त्याची फायबरच्या कामाची शेड. पाण्याच्या टाक्या करायचा, तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. टाकी काय, कुणीही करतं. पण गेल्या उन्हाळ्यात त्याला जहाजाचं काम मिळालं. दौंडात, समुद्र इतका लांब असताना, जहाज. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

अख्खं जहाज नव्हे, वरच्या केबिनची एक भिंत, नमुन्यादाखल. मुंबईच्या गोदीत ती पास झाली तर सगळी केबिन त्याच्याकडं येणार होती. ती दाखवायला सासऱ्यांना मीच घेऊन गेलो.

साडू समजावत होता. काचेच्या धाग्याचं कापड साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारा चिकट रस, मग रोलरनं दाबून हवा काढायची, वर पुढचा थर.

"पर जहाज लोखंडाचं असतंय ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"खाली लोखंडच, मामा. पण वर वजन वाढलं की जहाज कलतंय. म्हणून वरचं हलकं करायचं. आन् हे गंजत बी न्हाई."

"म्हंजी लोखंड खाली आन् फायबर वर," सासरे म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सहज पाहिलं असेल. मला तसं वाटलं नाही.

ते दोघं चहाला गेले तेव्हा मी मागं रेंगाळलो. खिशातलं नाणं काढलं आणि बाजारात कलिंगड पारखावं तसा भिंतीवर टकटक करत गेलो. सगळीकडं टणक आवाज. उजव्या कोपऱ्यात मात्र बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. दौंडच्या उन्हात रेझिन लवकर घट्ट झालं असणार आणि दोन थरांत हवा कोंडली असणार. खोटं कशाला बोलू, पोरगं बोर्डात आल्यासारखा आनंद झाला मला.

जेवायला मटण होतं. मी रस्सा दोनदा मागून घेतला. "दाजी आज लई खुशीत हायती," मेहुणी म्हणाली.

जेवणानंतर साडू ती भिंत गोधड्यांत गुंडाळायला लागला, बाळंतिणीचं पोर गुंडाळावं तशी. टेम्पो चारला येणार होता. सासरे कौतुकानं बघत म्हणाले, "बघा पाव्हणं, कलाकाराचं हात हायती."

इथं मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. "मामा, त्या कलाकारीचा एक कोपरा पोकळ हाय."

साडू भांडला नाही. त्यानं नाणं मागून घेतलं, वाजवलं, कान लावला. मग कटरनं कोपरा कापला. थरांच्या मधे तळहाताएवढी फट होती. टेम्पोवाल्याला फोन करून त्यानं येऊ नको म्हणून सांगितलं आणि तिथंच खाली बसला.

मी शाबासकीची वाट बघत उभा.

"तुम्हाला कवा कळलं हे?" सासऱ्यांनी विचारलं.

थाप सुचायला वेळच मिळाला नाही. "तुम्ही चहाला गेला तवा."

"म्हंजी जेवायच्या आधी."

"व्हय."

"आन् रस्सा दोनदा घेतला."

शेवटी साडूच मधे पडला. "असू द्या, मामा. टेम्पो निघायच्या आधी तर सांगितलं दाजींनी. गोदीत निघालं असतं म्हंजी?"

पुढच्या आठवड्यात त्यानं भल्या सकाळच्या गारव्यात नवी भिंत केली. मला बोलावून कोपरा न् कोपरा वाजवून घेतला. ती पास झाली. गोदीतनं पहिला फोन त्यानं मला केला, सासऱ्यांना नंतर. "दाजी, तिथल्या सायबाला सांगितलं, आमच्या थोरल्या साडूनं तपासलीया म्हणून."

मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. बायको मेथी निवडत होती. तिला म्हणालो, "माणसानं एवढं चांगलं वागायची काय गरज होती?"

"तुम्ही जळा सावकाश," ती म्हणाली आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली.