चूळ भरा, मग बोला

गुणाजीबाबांच्या शोकसभेत पहिल्या वक्त्याने माइक हातात घेतला, त्यावर दोन टिचक्या मारल्या आणि तोंड लावून फुंकलं... फू, फू, हॅलो. दुसऱ्यानेही फुंकलं. तिसऱ्याच्या गालात पान होतं. माइकवर लाल स्पंजची टोपी होती आणि तिला शिळ्या तोंडाचा जो वास येत होता तो मला दुसऱ्या रांगेत बसून जाणवत होता. ज्या माणसाने उभा जन्म माइकवर फुंकणाऱ्यांशी भांडण्यात घालवला, त्याला साखळी गावाने असा निरोप दिला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते त्या दिवशी घागरी भरभरून निघत होतं. "आवाजाचा जादूगार" काय, "गोमंतकाचा कान" काय! यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना जिवंतपणी दारात उभं केलं नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो आणि सरळ बाहेर नळावर जाऊन चूळ भरली. लोकांना वाटलं, मास्तरांना भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. परत आलो, एक वीत अंतर ठेवून दोन वाक्यं बोललो आणि बसलो. जे बोलायचं होतं ते बोललो नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय.

गुणाजीबाब मूळचे आमच्या पेडण्याच्या गावातले, लग्नानंतर साखळीला स्थायिक झाले. म्हापशाला एका शेटचा कॅसेटचा स्टुडिओ होता. तिथे भजनं, नाटकांची पदं, निवडणुकीची भाषणं, जे मिळेल ते मुद्रित व्हायचं. गुणाजीबाब तिथले ध्वनिमुद्रक आणि मी शाळा सांभाळून निवेदन वाचणारा. स्टुडिओची खरी दौलत म्हणजे पोर्तुगीज गेले तेव्हा मागे राहिलेला एक जर्मन माइक. त्याच्या जाळीआड कॅप्सूल असते, म्हणजे जुन्या रुपयाएवढी एक चकती. तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा आणि पडद्यावर सोन्याचा मुलामा. आपण बोलतो तेव्हा हलतो तो हा पडदा, आणि आपण थुंकतो तेव्हा थुंकीही त्याच्यावरच जाऊन बसते. बोलताना आपण किती थुंकतो हे गुणाजीबाबांशी ओळख होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ओळख झाल्यावर मात्र कुठल्याही वक्त्याच्या तोंडाकडे मला सुखाने बघता आलं नाही.

त्यांचा एकच नियम होता. दारात मोरी, मोरीवर तांब्या. "चूळ भर आनी मागीर उलय." मग तो भजनी बुवा असो, फेणी पिऊन आलेला नट असो की सरपंच. आणि कुणी माइकवर फुंकलं की ते हेडफोन काढून आदळायचे. "मायकाक फुंकप म्हळ्यार मनशाच्या दोळ्यांत थुकप!" लोक हसायचे, पण चूळ भरायचे.

मग भाषेच्या आंदोलनाचे दिवस आले. कोकणी की मराठी, यावरून एकाच घरात दोन चुली झाल्या. दोन्ही बाजूंना गावोगाव वाजवायला भाषणांच्या कॅसेटी हव्या होत्या आणि शेटला दोन्ही गिऱ्हाइकं हवी होती. सकाळी आमचे मराठीवाले पुढारी आले. गुणाजीबाबांनी तांब्या पुढे केला. पुढारी भडकले, "आमचं तोंड तुला घाण वाटतं?" दुपारी कोकणीवाले पुढारी आले. तोच तांब्या, तोच राग, "म्हजें तोंड तुका म्हेळें दिसता?" दोघांनीही शेवटी चूळ भरली, कारण त्याशिवाय गुणाजीबाब मशीन सुरूच करीनात. संध्याकाळी जाळी पुसता पुसता ते मला म्हणाले, "मास्तर, थुकीक भास नासता रे." थुंकीला कसली आली भाषा, म्हणून मी हसलो. चारच दिवसांनी आमच्या मराठीवाल्यांच्या समितीत ठरलं की हा माणूस तिकडचा आहे आणि मुद्दाम आपल्या वक्त्यांचा पाणउतारा करतो. तिकडच्यांनीही ठरवलं की तो इकडचा आहे. त्या वर्षी दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. शेटला दोन्हीकडून पत्रं गेली.

आमच्या बाजूचं पत्र सुवाच्य होतं. मास्तराच्याच अक्षरातलं होतं ते. खाली पहिली सहीही माझीच.

नाही म्हणता आलं असतं. कुणी माझा हात धरून सही घेतली नव्हती. वाक्यं छान जुळवली होती मी, "वक्त्यांच्या आत्मसन्मानास बाधा" वगैरे. आज ते शब्द आठवले तरी स्वतःची शिसारी येते. गुणाजीबाबांना शेटने आठवड्यात काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मी निवेदन वाचायला बसलो. मोरीवर तांब्या नव्हता. जेवून आलो होतो, गालात पान होतं आणि कुणी टोकणारं नव्हतं. मोठं सुटल्यासारखं वाटलं मला. तसाच बोललो, आवेशाने, माइकला ओठ लावून.

पुढे घटकराज्य झालं, भांडणारे शेजारी शेजारी बसून सत्कार घेऊ लागले. गुणाजीबाब साखळीत रेडिओ दुरुस्त करत राहिले आणि माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले, याचा मला जास्त त्रास व्हायचा. कॅसेटींचा धंदा बसला तेव्हा शेटने स्टुडिओ मोडीत काढला. तो माइक भंगाराच्या ढिगात होता. मी मागितला तर म्हणाला, "व्हर तो मडो." ते प्रेत टॉवेलात गुंडाळून मी बसने साखळीला नेलं. माइक त्यांच्या हातात द्यायचा आणि सहीचं सांगून टाकायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

त्यांनी लगेच उघडला नाही. पावसात हवा दमट, असा माइक तळणीतल्या पापडासारखा तडतडतो. पाऊस गेला की खाणीचे ट्रक सुरू होतात आणि साखळीत ताटातल्या भातावरसुद्धा तांबडी धूळ बसते. मधले जेमतेम पंधरा दिवस काय ते चांगले. तोवर माइक ओल शोषायला भाजलेल्या तांदळांच्या डब्यात. त्या पंधरा दिवसांत मला बोलावणं आलं. खिडक्या बंद, टेबलावर धुतलेलं पांढरं धोतर. हत्यारं म्हणजे इंजेक्शनसाठी मिळणारं शुद्ध पाणी आणि गणपतीचे डोळे रेखायचा, मूर्तिकाराकडून मागून आणलेला ब्रश. जाळी काढली आणि मी तोंड फिरवलं. सोनं दिसतच नव्हतं. पिवळट, चिकट थर, त्यात विडीचा धूर, बुरशी, आणि वास... वर्षानुवर्षांचा सगळ्या तालुक्याचा घसा तिथे वाळून बसला होता. गुणाजीबाबांना मात्र किळस नव्हती. ब्रशचं टोक पाण्यात बुडवायचं, ते नुसतं टेकवायचं, थर भिजू द्यायचा, मग कागदाच्या टोकाने टिपायचा. घासायचं नाही, फुंकायचं तर नाहीच. दिवसाला नखाएवढी जागा. आठव्या दिवशी चकतीभर सोनं दिसू लागलं.

कडेला एक तांबूस ठिपका राहिला. भिंगातून बराच वेळ बघून ते म्हणाले, "हो पानाचो. हांव आसतना हांगा पान खावन कोण बसूंक ना. म्हणजे हांव गेल्या उपरांतचो." त्यांना काढल्यानंतरचा तो डाग कोणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. दोनदा भिजवला, निघेना. आणखी छेडलं तर सोनंच निघून आलं असतं. "रांव दी. आवाजाक आड येना."

मी जाळी उचलून त्यांच्या हातात दिली.

मग त्यांनी तारा जोडल्या, हेडफोन चढवले. "मास्तर, चूळ भर आनी उलय." मी चूळ भरली, वीतभर अंतरावर बसलो. खोलीत आम्ही दोघंच. याहून चांगली वेळ कुठली होती? मी म्हणालो, "एक... दोन... तीन." त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग हेडफोन काढत म्हणाले, "आवाज बरो येता. पूण तीन म्हणून जातकच तुवें कितेंतरी गिळ्ळें."

तीननंतर मी गिळलेलंही त्या कानांना ऐकू आलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. दर चतुर्थीनंतर मी साखळीला जायचो, दरवेळी सांगायचं ठरवून जायचो आणि नेवऱ्या खाऊन परत यायचो. यंदा चतुर्थीआधीच त्यांच्या मुलीचा, सुलभाचा, फोन आला, "काका, बाबा गेले." मला रडू आलं, पण खरं सांगू? त्याच्याआधी क्षणभर सुटका वाटली. आता सांगायला नको. तेव्हापासून तोंडाला जी कडवट चव आहे ती जात नाही, कितीही चुळा भरा.

तेराव्याला सुलभाने तांदळांचा डबा माझ्या हातात दिला. "बाबांनी सांगून ठेवलंय, मास्तराक दी म्हणून. तो चूळ भरता म्हणत होते."

डबा आता माझ्या टेबलावर आहे. काल सकाळी उघडला. जाळीतून विजेरी मारली की कडेचा ठिपका दिसतो. मोरीवर जाऊन चूळ भरली, दोनदा. परत येऊन एक वीत अंतरावर बसलो आणि म्हणालो, "गुणाजीबाब, पत्र माझं. सही माझी. पानही माझंच." वायर कशाला जोडलेली नव्हती, ऐकायला कोणी नव्हतं. या वेळी मी काही गिळलं नाही, पण ते ओळखणारा कान आता कुठून आणू?