आबांची पावसाळी पुस्तकं

आमच्या शाळेचे ग्रंथपाल आबा, त्यांच्याकडे पुस्तक मागायला गेलं की ते पुस्तकाचं नाव नंतर विचारत. आधी चष्म्यावरून बघत प्रश्न यायचा, "तुमचा घर गळता काय?" मुलीचा बाप सोयरिकीआधी करतो तशी ही चौकशी. मालवण तालुक्यात आषाढात न गळणारं घर सापडणं कठीण, त्यामुळे आम्ही सगळे शिक्षक बेधडक खोटं बोलायचो. आबांना ते पक्कं ठाऊक असे. पाऊस सरेपर्यंत लायब्ररीबाहेर एकही पुस्तक पडत नसे.

कसर लागू नये म्हणून ते प्रत्येक पुस्तकात वेखंडाची पूड टाकत, आणि वाचणारा पहिलं पान उलटायच्या आधीच शिंकायचा. पोरांनी त्यांचं नाव वेखंडआबा ठेवलं होतं. शिक्षकांच्या खोलीतही तेच चालायचं, अर्थात दार लोटून.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानचे दिवस. मी फोंडाघाटहून तिथे नव्यानेच इतिहास शिकवायला आले होते आणि अंगात उत्साह मावत नव्हता. माझ्या आठवीतल्या बहुतेक मुलांनी क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरं पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. मी आबांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "माणूस भिजलो तर सुकता, बाईनू. पुस्तक भिजला की गेला."

त्याच पावसाळ्यात शाळेच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं, की लायब्ररीत कुणी फिरकत नाही, नव्या तुकडीला खोली हवी आहे, दिवाळीनंतर पुस्तकं खोक्यांत भरून माळ्यावर टाका. आमच्याकडचा माळा म्हणजे वाळवीचं माहेर. आबांनी त्या दुपारी जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही. जपून जपून ठेवलेली पुस्तकं जपल्यामुळेच मरणार होती, आणि हे त्यांना सांगायचं कुणी? शेवटी मीच म्हटलं, "आबा, पुस्तकं वर्गात येऊ द्या. मुलांच्या हातातली पुस्तकं माळ्यावर कोण नेईल?"

त्यांनी एकदा पावसाकडे बघितलं, एकदा पुस्तकांकडे. मग म्हणाले, "येतली. पण माझ्यावांगडा येतली."

आणि खरंच बरोबर आले. आठवीचा वर्ग अंगणापलीकडे. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर छत्री, आणि खाली आबा नखशिखांत भिजलेले. मुलांचे हात पुसून घेतल्याशिवाय ट्रंक उघडायची नाही, हा नियम. नंतर पाठीमागच्या बाकावर बसून माझा तास ऐकायचा. मी जलदुर्गांचा धडा सांगत होते, तर मधेच ट्रंकेतलं एक पुस्तक घेऊन उठले. "बाईनू, वायच थांबा. हेच्यात ह्याच बरा लिवलासा." वाचायला लागले ते घंटा झाली तरी थांबेनात. पुढच्या तासाचे गणिताचे मास्तर दारात उभे होते. थोड्या वेळाने तेही बाकावर बसले.

मग आबांना चटकच लागली. शनिवारी शाळा सुटताना ते प्रत्येक शिक्षकाला गाठून विचारत, "फुडल्या आठवड्यात काय शिकवतल्यात?" ज्यांचं काही ठरलेलं नसे ते मागच्या दाराने पळत. पण सोमवारी ट्रंकेत त्यांच्याही धड्याचं पुस्तक असायचं. मी मुलांना प्रश्न काढून द्यायची, आबा पानं शोधून द्यायचे, आणि आमचं भांडण रोजचं झालं. इतकं चांगलं मी आयुष्यात पुन्हा कुणाशी भांडले नाही.

दिवाळीनंतर अध्यक्ष आले. लायब्ररीची खोली जवळजवळ रिकामी, पुस्तकं वर्गावर्गांत. ते खूश झाले आणि म्हणाले, "मगे ही खोली कित्याक व्हयी?" खोली गेली. माळ्यावर मात्र एकही पुस्तक गेलं नाही. प्रत्येक वर्गाला एकेक नवं कपाट मिळालं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. आबाच आले आणि हसत म्हणाले, "तुमी माझी खोली खाल्ल्यात, बाईनू." पण डोळे हसत नव्हते.

काही वर्षांनी भर पावसात ते निवृत्त झाले. निरोप समारंभ आटोपल्यावर माझ्या वर्गात आले, कपाटातली पुस्तकं हाताने सारखी केली आणि निघाले. कपाटाचं दार सताड उघडं होतं. मी ते लावायला उठले, तर हात करून थांबवलं.

"रवांदे. पावसात दार फुगता. लावल्यात तर पोरांका उघडूक गावाचा नाय."

दार मुळीच फुगलेलं नव्हतं. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि आबा मागे न बघता छत्री उघडत पायऱ्या उतरत होते. मी कपाट तसंच ठेवलं आणि मुलांकडे पाठ करून डोळे पुसले.