चादरींवरून निवडलेलं हॉटेल

किनाऱ्यावरच्या बड्या हॉटेलांच्या चादरी ज्या कारखान्यात धुतल्या जात, तिथं मावशी एकोणतीस वर्षं इस्त्रीला होती. तिला सगळेच मावशी म्हणत, मालकसुद्धा. आणि तो तर तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. हॉटेलात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण गाठोडं सुटलं की तिथली माणसं कशी, ते ती सांगायची. "चादरीनं बूट पुसलेत मेल्यांनी! एवढा पैसा आला, पायपुसणं नाही आलं."

आता गुडघे कुरकुरायला लागले होते. मालक म्हणाला, उन्हाळा सरला की आराम कर. म्हणजे काम गेलं, आणि कारखान्यामागची राहायची खोलीही गेली. उरला मुलगा. तो पाच वर्षांत फिरकला नव्हता. 'मला तुमच्याकडे ने' हे फोनवर म्हणायचं तिच्या जिवावर येई. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"आई, आठ दिवस समुद्रावर जाऊ. तू, मी आणि ही. एकदम भारी हॉटेल! तुला सगळी ठाऊक आहेत, तूच निवड."

मावशी हरखली. आठ दिवस एका छपराखाली! तिसऱ्या दिवशी विचारायचं, तिनं ठरवूनच टाकलं.

निवडायला तिनं तीन आठवडे लावले. एका हॉटेलात दर सोमवारी सगळ्या चादरी धुवायला टाकायचा नेम होता. त्या अशा यायच्या की इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नसे.

"किती खानदानी माणसं बघ," ती शेजारच्या टॉवेलवालीला म्हणाली. "झोपलेली कळतसुद्धा नाहीत."

"उभ्यानं झोपत असतील!"

दोघी पोट धरून हसल्या. हॉटेल ठरलं.

हॉटेल भारीच होतं. झुंबरं काय, संगमरवर काय! पण समोर समुद्राला भिंत घालायचं काम चाललेलं. वाळूवर पत्रे, दिवसभर यंत्रांची धडधड. पोहायच्या तलावात पाण्याऐवजी पाइप रचलेले. तीन मजल्यांत चिटपाखरू नव्हतं.

"वर्ष झालं, कोणी उतरत नाही," म्हातारा दारवान म्हणाला. मावशीला चादरींचं कोडं तिथंच उलगडलं, आणि तोंड एवढंसं झालं.

"आईंनी निवडलंय म्हणून मी विचारलंसुद्धा नाही," सून म्हणाली.

मुलानं अर्धा तास फोन केले. "आई, किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या हॉटेलात एक खोली मिळतेय. दोघांपुरतीच. तू राहा इथं, आम्ही येऊ रोज."

तो रोज येई, गाडी चालू ठेवून. तिसऱ्या दिवशी मात्र एकटा आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. मावशीनं हात मांडीवर ठेवले, घसा साफ केला. तेवढ्यात त्यानं रिकाम्या दालनावरून नजर फिरवली.

"तुझं बरंय गं इथं. कुणाची कटकट नाही. आमच्याकडे तर तू दोन दिवसांत कंटाळशील. तुला एकटीचीच सवय."

किती मायेनं बोलला! रागानं बोलला असता तर तिनं उत्तर तरी दिलं असतं.

"हो रे," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर ती दारवानाजवळ गेली. "काय हो, इथं म्हाताऱ्या माणसाला काम मिळतं का? बसल्या बसल्या करण्याजोगं?"

"माझंच या महिन्यापुरतं आहे, मावशी," तो म्हणाला, आणि आपल्या बाकावर तिला जागा करून दिली.