काहिलीतून माहेरी

गुऱ्हाळावरून ताज्या गुळाचा वास आला की मला तेरणेच्या धरणाचं पाणी आठवतं. सासर अलीकडं, माहेर पलीकडं. रस्त्यानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस जायचा. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला वडील मला न्यायला आले ते रस आटवायच्या काहिलीत बसून, हातात वल्ह्याऐवजी फळी. मी आत बसले; पाण्याच्या मधोमध काहील गरगर फिरली. क्षणात सासर समोर, क्षणात माहेर. काहिलीचा काठ धरून मी म्हणाले, “आप्पा, आपुन कुठं चाललोय?” ते हसले. “काहिलीला तोंड नसतंय, पोरी. तू आपल्या दारच्या लिंबाकडं बघत ऱ्हा.” परवा इथं बोट सुरू करायची म्हणून पाहणीला माणसं आली. एकानं विचारलं, “मावशी, पलीकडं कोण हाय तुमचं?” मी म्हणाले, “लिंब हाय अजून.”